उशी काढा, मग की हातात घ्या

प्रश्न : माझा ड्रमसेट छोटा आहे. बास ड्रम १६ इंची, टॉम १०, फ्लोअर टॉम १३ आणि स्नेअर १२ इंची. बास ड्रम खोक्यावर थाप मारल्यासारखा वाजतो. आत उशी कोंबली, तरी दम येत नाही. टॉमवर टेपच्या चार-चार पट्ट्या लावल्या, तरी एक विचित्र ठणका राहतोच. शिवाय टॉम वाजला की स्नेअरच्या खालच्या तारा झणझणतात. मोठा सेट घ्यावा का?

उत्तर : नका घेऊ. आधी ती उशी काढा आणि टेपाही सगळ्या सोडवा. मी सुरुवातीची सहा वर्षं १६ इंची बास ड्रमवरच वाजवलं, आणि त्यात घोंगडी भरून ठेवली होती. पहिल्यांदा रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा बास ड्रमच्या जागी नुसती बीटरची, म्हणजे पेडलने आपटणाऱ्या मोगरीची, टकटक होती. एवढ्याशा ड्रममध्ये हवा मुळातच कमी, त्यात उशी दोन्ही हेडना, म्हणजे ड्रमच्या दोन्ही तोंडांवरच्या पडद्यांना, टेकून बसली की हेड हलणार कसं?

सुरुवात टॉमपासून करा. हेड काढून कड कोरड्या फडक्याने पुसा. हेड परत बसवून सगळे रॉड (हेड ताणणारे कडेचे स्क्रू) बोटांनी फिरतील तेवढेच घट्ट करा आणि मधोमध तळहाताने दाबा. मग की, म्हणजे रॉड फिरवायची चावी, घ्या. एक रॉड, त्याच्या समोरचा, पुन्हा शेजारचा, त्याच्या समोरचा, असं करत प्रत्येकाला अर्धा फेरा द्या. ड्रम घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे खालचं हेड मध्ये बोलणार नाही. आता एक बोट हेडच्या मध्यावर अलगद टेकवून प्रत्येक रॉडसमोर, कडेपासून इंचभर आत, काडीने हलकेच टिचका मारा. सगळीकडे एकच सूर यायला हवा. एखादा रॉड चढलेला वाटला, तर तो नको इतका उतरवा आणि खालून वर येत सुरात आणा. वरून खाली आणलेला सूर टिकत नाही.

तुमचा ठणका इथेच दडलेला आहे. गोल पडद्याचा दुसरा सूर पहिल्याच्या साधारण १.५९ पट असतो, म्हणजे त्याच्याशी जुळत नाही. तबल्यात शाई ही उणीव भरून काढते. ड्रमच्या हेडला शाई नाही. रॉड असमान असतील तर ते न जुळणारे सूर आपसातही भांडतात, आणि टेप लावून ते भांडण फक्त दबतं.

मग खालचं हेड. दोन्ही हेड एका सुरात असली की आस, म्हणजे ठोक्यानंतर रेंगाळणारा सूर, सगळ्यांत लांब. १० इंची टॉमवर वरचं हेड सा धरून मी खालचं कोमल गंधारावर ठेवते. आवाज गोल राहतो आणि वेळेवर संपतो. मात्र छोट्या टॉमकडे खर्ज मागू नका. फार उतरवलात की हेड नुसतं फडफडतं.

बास ड्रमचं उलट आहे. बीटरकडच्या हेडच्या सुरकुत्या जातील इतपतच ताण द्या, वर फार तर पाव फेरा. पुढचं हेड त्याहून थोडं चढं. आणि बीटर कुठे लागतो ते वाकून बघाच. पेडल मोठ्या ड्रमच्या मापाचं असतं, त्यामुळे १६ इंचीवर बीटर मध्याच्या बराच वर बसतो. कडेजवळच्या त्या ठोक्याला सगळे वरचे सूर उठतात. खोक्याचा आवाज बहुतेक तोच. ड्रमखाली उंचवटा द्या किंवा बीटरची दांडी खाली घ्या. माझ्या ड्रमचा आवाज घोंगडी काढल्यावर सुधारला त्याहून जास्त या एका बदलाने सुधारला. एवढं झाल्यावर आस जास्त वाटली, तर बीटरकडच्या हेडमागून, मध्य सोडून, फेल्टची एक पट्टी आडवी ताणा.

टॉमला टेप हवीच असेल, तर एकच छोटी पट्टी, मध्ये उभी चुणी काढून, कडेजवळ लावा. फ्लोअर टॉममध्ये कापसाचे तीन-चार गोळे टाकून पाहा. ठोक्यासरशी ते उडतात, परत खालच्या हेडवर बसतात आणि आस मागून आवरतात. ठोका मात्र मोकळा राहतो. बीटल्सचे ड्रमर रिंगो स्टार यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ड्रमवर टॉवेल टाकून रेकॉर्डिंग केलं. तसा कोरडा आवाज मलाही आवडतो, पण टॉवेलखालचा ड्रम सुरात हवा. काहीही लावण्याआधी दुसऱ्याला वाजवायला बसवा आणि दहा पावलं लांब जाऊन ऐका. स्टुलावर बसून छळणारा ठणका तिथे बहुधा पोचतच नाही.

स्नेअरची झणझण पूर्ण जात नाही. टॉमचा सूर किंचित चढवा किंवा उतरवा, स्नेअरच्या तारा थोड्या सैल करा. बरीच कमी होईल.

प्रश्न : स्नेअरचा सूर दर कार्यक्रमात उतरतो. हेड खराब आहे का?

उत्तर : हेडला खड्डे पडले नसतील तर नाही. तुम्ही रिमशॉट (हेड आणि कड एकदम वाजवणारा ठोका) मारत असाल, तर काडी जिथे कडेवर आदळते तिथले दोन रॉड आधी सैल होतात. मध्यंतरात तेवढेच दोन तपासा.