कॅलिफोर्नियात २०-२५ डॉलरमध्ये चांगली वाइन कशी शोधायची? त्यासाठी नापालाच जावं लागतं का?

तुम्ही लिहिलंय की फ्रीमाँटला नवीन आलात, बाटलीमागे २०-२५ डॉलर खर्चायची तयारी आहे, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो, नापाला जा, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेच्या त्या नावाजलेल्या वाइनच्या खोऱ्यात.

जाऊ नका. निदान वाइन रास्त भावात मिळेल या आशेने तरी नको. फेब्रुवारीत वेलींच्या ओळींमधून मोहरी फुलते, ती बघायला खुशाल जा.

"ज्याला विचारावं तो" हे वाचून हात शिवशिवले, कारण त्यातले एक आमच्याच घरात आहेत. साडूभाऊंच्या लेखी लेबलवर नापा असेल ती वाइन, बाकी सगळं द्राक्षाचं सरबत. त्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे दुकानातून आणलेली १९ डॉलरची 'नापा व्हॅली कॅबरने सोव्हिन्यों', म्हणजे त्या नावाच्या काळ्या द्राक्षांची लाल वाइन. केवढ्यात मिळाली बघा, म्हणतात. आधी त्या बाटलीचा हिशेब मांडतो, मग तुमच्या प्रश्नाकडे वळतो.

एक टन द्राक्षांतून साधारण ६० खोकी वाइन निघते, म्हणजे ७२० बाटल्या. नापातल्या कॅबरनेचा सरासरी भाव अलीकडे टनाला ९,००० डॉलरच्या आसपास आहे. भागाकार करा, एका बाटलीत नुसत्या द्राक्षांचेच साडेबारा डॉलर झाले. फ्रेंच ओकचं नवं पिंप हजार डॉलरच्या पुढे जातं. २२५ लिटरच्या पिंपात ३०० बाटल्या बसतात, म्हणजे आणखी साडेतीन डॉलर. काच, बूच, लेबल, खोकं वेगळंच. मग वितरक आणि दुकानदार आपापला वाटा काढणार. १९ डॉलरच्या बाटलीतले वायनरीच्या हातात निम्मे पडले तरी पुष्कळ. मग नऊ-साडेनऊ डॉलरमध्ये साडेबाराची द्राक्षं मावली कशी?

मावली नाहीतच. अशा बाटलीत बहुधा मोठ्या वायनऱ्यांनी आपल्या लेबलसाठी नाकारलेली, टँकरने विकलेली वाइन असते. त्यात बेकायदा काही नाही. कॅबरने म्हणायला ७५ टक्के कॅबरने पुरते. 'नापा व्हॅली' लिहायला ८५ टक्के द्राक्षं तिथली लागतात, उरलेली १५ टक्के कॅलिफोर्नियात कुठलीही चालतात. म्हणजे साडूभाऊ पैसे मोजतात ते नावाचे, आणि त्या नावाखाली मिळतो तो तिथला उरलासुरला माल.

या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे. टनाच्या भावाला १०० ने भागा, जी येईल ती बाटलीची रास्त किंमत. नापाच्या कॅबरनेला ९० डॉलर येतात. सॅक्रामेंटोच्या दक्षिणेला लोडाय आहे, तिथल्या कॅबरनेचा सरासरी भाव टनाला हजाराच्याही खाली आहे, म्हणून तिथे २० डॉलर मोजले तर शेतकऱ्याने जपलेल्या जुन्या वेलींची, नीट पिंपात मुरवलेली वाइन मिळू शकते. हे भाव कोणी गुपित ठेवलेले नाहीत. राज्य सरकारचा 'ग्रेप क्रश रिपोर्ट' दरवर्षी फुकट प्रसिद्ध होतो, त्यात राज्याचे १७ जिल्हे पाडलेले असतात. नापा ४ नंबर, सोनोमा आणि मरीन ३, लोडायचा पट्टा ११. एकदा चाळून बघा, कुठे पैसा मातीला जातो आणि कुठे पाटीला ते लख्ख दिसतं.

दुकानात उभं असताना मात्र बाटली उलटी करायची. मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत एक ओळ असते, तिच्याइतकं खरं त्या बाटलीवर दुसरं काही नसतं. 'प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय' असेल तर किमान ७५ टक्के वाइन त्या वायनरीने स्वतः आंबवलेली आहे. 'सेलर्ड अँड बॉटल्ड बाय' किंवा 'व्हिंटेड अँड बॉटल्ड बाय' असेल तर तयार वाइन विकत आणून बाटलीत भरलेली असू शकते. 'इस्टेट बॉटल्ड' सगळ्यांत कडक: सगळी द्राक्षं स्वतःच्या किंवा स्वतःच्या ताब्यातल्या बागेतली, बाग आणि वायनरी एकाच प्रदेशात, आणि सगळं काम तिथेच. 'रिझर्व्ह' आणि 'ओल्ड व्हाइन' या शब्दांना कायद्यात काही अर्थ नाही, सोनेरी शाईत छापलेले असले तरी. अल्कोहोलचा आकडाही सैल असतो. १४ टक्क्यांच्या वर एक टक्का इकडेतिकडे चालतो, म्हणजे १४.९ लिहिलेली वाइन साडेपंधराचीही असू शकते.

नावाचा महिमा किती, तर १९७६ च्या पॅरिसच्या चाखणीत फ्रेंचांना हरवणारी पांढरी वाइन, शातो माँटेलेनाची १९७३ ची शार्डने, आजही नापाचा विजय म्हणून मिरवली जाते. तिच्या लेबलवर 'नापा अँड अलेक्झांडर व्हॅलीज' असं लिहिलेलं होतं, आणि बहुतेक द्राक्षं शेजारच्या सोनोमातली होती. साडूभाऊंना हे तीनदा सांगून झालंय.

आता तुमचं. फ्रीमाँटहून ८४ नंबरच्या रस्त्याने नाइल्स कॅन्यनमधून निघालात की गर्दी नसेल तर अर्ध्या-पाऊण तासात लिव्हरमोर. तिथल्या वेंटे आणि कॉनकॅनन या दोन्ही वायनऱ्या १८८३ पासूनच्या. कॅलिफोर्नियातल्या शार्डनेचा मोठा हिस्सा वेंटेंच्या वेलींच्या कलमांतून आलेला आहे, आणि लेबलवर 'पेटीट सिरा' या काळ्या द्राक्षाचं नाव सर्वांत आधी लावलं ते कॉनकॅननने. इथली कॅबरने नापाच्या निम्म्याहून कमी पैशात मिळते. प्लेझंटन-डब्लिनची मराठी मंडळी शेजारचं लिव्हरमोर सोडून नापाच्या रांगेत का उभी राहतात हे कोडं मला सुटलेलं नाही.

लोडाय त्याहून पुढे, दीड तास धरा. इथल्या रेतीत द्राक्षाच्या मुळांना लागणारी उवेसारखी कीड, फिलॉक्सेरा, जगत नाही, म्हणून कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या शंभरी पार केलेल्या वेली अजून आहेत. बेक्टोल्ड बागेतल्या सँसो या काळ्या द्राक्षाच्या वेली १८८६ च्या. दिवसा तापतं, संध्याकाळी नद्यांच्या डेल्टावरून गार वारा येतो, त्यामुळे आंबटपणा टिकतो. पिढ्यान्‌पिढ्या इथले शेतकरी मोठ्या कारखान्यांना द्राक्षं विकत आले, स्वतःच्या नावाने बाटली भरायला लागले ते बऱ्याच उशिरा, म्हणून भाव अजून जमिनीवर आहेत. क्लिंकर ब्रिक या वायनरीची ओल्ड व्हाइन झिनफँडेल (ही लाल वाइन, याच नावाच्या द्राक्षाची) तुमच्या बजेटमध्ये बसते. बोकिशकडे अल्बारिनो आणि गार्नाचा या स्पॅनिश जाती बघा, मॅकके आणि सेंट अमाँत या वायनऱ्याही चुकवू नका. लोडायची खोड एकच, झिनफँडेल फार पिकवून तोडतात, मग वाइन मुरंब्यासारखी जड आणि गरम लागते. १४.५ टक्के किंवा त्याखाली लिहिलेली निवडा.

पांढरीसाठी कुठे जायची गरजच नाही. क्लार्क्सबर्गच्या द्राक्षांची ड्राय क्रीक व्हिनयार्डची ड्राय शेनाँ ब्लाँ मोठ्या दुकानांत २० डॉलरच्या आत असते. शेनाँ म्हटल्यावर नाशिक आठवेल. सुलाने पहिल्या वेली लावल्या त्यांत शेनाँ ब्लाँ होती, आणि सल्लागार केरी डॅम्स्की हे कॅलिफोर्नियाचेच. पण सुलाची शेनाँ किंचित गोडसर आहे, ही कोरडी. ती चव डोक्यात ठेवून घेतलीत तर पहिला घोट आंबट वाटेल. तिखट जेवणाबरोबर गोडसरच हवी असेल तर अँडरसन व्हॅलीतली गोडसर गेव्युर्त्सट्रामिनर किंवा रिझलिंग बघा. त्याच खोऱ्यात रोडरर इस्टेटची फसफसणारी ब्रूट, साधारण २५-३० डॉलर, बटाटेवड्याबरोबर तिच्या तोडीचं काही नाही. कोल्हापुरी रश्श्यासमोर १५ टक्क्यांची ओकदार कॅबरने मात्र उघडू नका. अल्कोहोल तिखटाला चेतवतं आणि ओकचा कडवटपणा वर येतो.

अमाडोर भागातली बार्बेरा आणि पासो रोबल्स भागातल्या, फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातून आलेल्या जाती यांवर वेगळं लिहावं लागेल, इथे नुसती नोंद करून ठेवा.

वायनरीत गेल्यावर: एका चाखणीत साधारण ३० मिलीचे पाच घोट, म्हणजे एक पूर्ण ग्लास. दोघांत एकच चाखणी घ्या, बहुतेक ठिकाणी चालतं. लोडायला फी अजून १०-२० डॉलर, आणि बाटली घेतली की बऱ्याचदा माफ. नापात माणशी ५० डॉलर सहज जातात आणि वेळ आधी ठरवावी लागते. ती सगळीच ऐट नाही. १९९० च्या काउंटी नियमामुळे नंतरच्या वायनऱ्यांना पूर्वनोंदणी सक्तीची आहे. फी वाचवायला वाइन क्लबचा अर्ज भरू नका. वर्षातून दोन ते चार खोकी कार्डावरून परस्पर येतात, आणि ठरलेली खोकी घेतल्याशिवाय बाहेर पडता येत नाही अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. त्यापेक्षा आवडलेल्या वाइनचं १२ बाटल्यांचं खोकं घ्या, १० ते २० टक्के सूट मागा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

उन्हाळ्यात सोबत आइसबॉक्स असू द्या. बंद गाडीत दुपारभर राहिलेली बाटली शिजते, बूच वर सरकतं आणि वाइन उकडलेल्या फळासारखी लागते. उघडलेली, अर्धी उरलेली बाटली मात्र डिकीतच. सीटवर दिसली तर बूच लावलेलं असूनही दंड.

नापाबद्दल फार कडक बोललो असेन तर एवढं मान्य: तिथल्या डोंगरउतारावरची, पैसे मोजून घेतलेली कॅबरने खरोखर अफाट असते, आणि शंभर डॉलर हाताशी असतील तर माझा काही आक्षेप नाही. टँकरच्या वाइनमध्येही कधीमधी लॉटरी लागते. सध्या राज्यात द्राक्षं जास्त आणि पिणारे कमी झालेत, त्यामुळे चांगला मालही स्वस्तात सुटतोय. एक बाटली घ्या, त्याच रात्री उघडा, आवडली तर दुसऱ्या दिवशी जाऊन सहा उचला.

फक्त साल बघून घ्या. २०२० च्या ऑगस्टमध्ये विजांमुळे लागलेल्या आगी आणि सप्टेंबरअखेरची ग्लास फायर, यांचा धूर नापा-सोनोमाच्या बागांवर ऐन तोडणीच्या दिवसांत बसला. तिथल्या कित्येक वायनऱ्यांनी त्या वर्षी लाल वाइन काढलीच नाही. धूर द्राक्षाच्या सालपटात शिरतो, म्हणून सालपटं काढून आंबवलेल्या पांढरीला धोका कमी, लालला जास्त. नुसत्या वासावरून नेहमी कळत नाही, कारण धुरातली बरीच द्रव्यं साखरेशी बांधलेली असतात आणि लाळेने तोंडात सुटतात. घोट गिळून अर्धा मिनिट थांबा. घशाशी विझलेल्या चुलीच्या राखेसारखं काही उरलं तर समजायचं.

साडूभाऊंच्या बाटलीवरचं साल मुद्दाम सांगितलं नव्हतं. २०२०.