बाप्तिस्म्याआधी काय सांगावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सच्या, म्हणजे मॉर्मन चर्चच्या, तुमच्या वॉर्डातील (स्थानिक मंडळीतील) मिशनरी एका मराठी ताईंना शिकवत आहेत, मराठीतून समजावून सांगण्यासाठी तुम्ही त्यांच्यासोबत जाता आणि बाप्तिस्म्याची तारीखही ठरली आहे. चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांचे अनेक विवाह, कृष्णवर्णीयांना याजकपद नाकारणारा जुना नियम, या गोष्टी ताईंना आत्ताच सांगाव्यात की आधी त्यांची श्रद्धा रुजू द्यावी, या पेचात तुम्ही पडला आहात. मिशनऱ्यांचे म्हणणे असे की आधी दूध, मग जड अन्न. युटामध्ये नव्या सदस्यांचा रविवारचा वर्ग मी बरीच वर्षे घेत आले आहे आणि या विषयावर माझे मत ठाम आहे: ज्या गोष्टी कळल्यावर माणसाचा निर्णय बदलू शकतो, त्या बाप्तिस्म्याच्या आधी कळल्या पाहिजेत आणि आपल्याच तोंडून कळल्या पाहिजेत.

बाप्तिस्म्यापूर्वीच्या मुलाखतीत त्या ताईंना काय विचारले जाईल ते आठवा. जोसेफ स्मिथ यांच्याद्वारे येशू ख्रिस्ताच्या चर्चची पुनःस्थापना झाली असे तुम्ही मानता का, हा त्यातला एक प्रश्न आहे. दशांश द्याल का, दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा सोडाल का, हेही विचारले जाते. चहाचे मिशनरी बाप्तिस्म्याआधीच स्पष्ट सांगतात, आणि ते योग्यच आहे, कारण मराठी घरात सकाळ-संध्याकाळचा चहा सोडणे ही लहान गोष्ट नाही. मग ज्या माणसावर विश्वास असल्याचे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचे आहे, त्याच्या आयुष्यातील सर्वांत अवघड बाब मात्र नंतर कळली तरी चालेल, असे कोणत्या आधारावर म्हणायचे? लग्न ठरवताना मुलाचे पहिले लग्न लपवणाऱ्या घराला आपण क्षमा करत नाही, मग ते लग्न कितीही वर्षांपूर्वी मोडलेले असो.

दुधाचा दाखला पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला आहे. तेथे पौल भांडणाऱ्या मंडळीला तोंडावर सांगतो की तुम्ही अजून बालके आहात, म्हणून मी तुम्हाला दूध पाजले. शिकवण्याचा क्रम त्यातून जरूर निघतो, पण एखादी गोष्ट विचारली गेली तरी टाळावी, असे त्यातून निघत नाही. आपल्या ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स’ या धर्मग्रंथाच्या एकोणिसाव्या विभागातही दुधाचाच उल्लेख आहे आणि तेथे जोसेफ यांचे सुरुवातीचे सहकारी मार्टिन हॅरिस यांना काही गोष्टी जगाला दाखवू नका असे सांगितले आहे, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. मात्र तोच विभाग पुढे धर्मग्रंथात छापून सर्वांच्या हाती दिला गेला. त्यामुळे त्या वचनाला कायमच्या मौनाचा नियम मानणे मला पटत नाही.

आधी गप्प राहायचे आणि नंतर सांगायचे, हा मार्ग आपल्या लोकांनी एकदा वापरून पाहिला आहे आणि त्याचा परिणाम कागदोपत्री नोंदलेला आहे. १८५० साली जॉन टेलर फ्रान्समधील बुलोन येथे जाहीर वादविवादात उभे राहिले आणि मॉर्मन लोकांवरील बहुपत्नीत्वाचा आरोप त्यांनी फेटाळला. त्या वेळी त्यांना स्वतःला अनेक पत्नी होत्या. पुढे ते चर्चचे तिसरे अध्यक्ष झाले. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १८५२ मध्ये, सॉल्ट लेक सिटीतील परिषदेत बहुपत्नीत्वाची शिकवण उघडपणे जाहीर करण्यात आली, आणि त्याच परिषदेत हिंदुस्थानात पाठवायचे मिशनरीही नेमले गेले. ह्यू फिंडले हे मिशनरी त्याच वर्षी ब्रिटनमधून मुंबईत आले होते आणि पुढे पुण्यातही काम करू लागले. वर्तमानपत्रे आणि इतर पंथांचे पाद्री त्यांच्या विरोधात होतेच, त्यात ही बातमी येऊन पोहोचली. आधी दिलेल्या नकारांवर भरवसा ठेवून जे लोक चर्चमध्ये आले होते, त्यांना कसे वाटले असेल याचा विचार मी अनेकदा करते. छळाच्या काळात जीव आणि कुटुंबे वाचवण्यासाठी मौन पाळले गेले, हे मी समजू शकते. आज तुमच्यासमोर बसलेल्या ताईंपासून कोणाच्या जिवाला धोका नाही.

नंतरच्या काळात प्रश्न उघड नकाराचा नव्हता, मौनाचा होता. १९८१ साली चर्चचे एक ज्येष्ठ नेते बॉइड पॅकर यांनी धर्मशिक्षकांना सांगितले की खऱ्या असलेल्या सर्वच गोष्टी उपयोगाच्या असतात असे नाही, आणि एका संपूर्ण पिढीने तसेच शिकवले. इंटरनेट आल्यावर त्याची किंमत मोजावी लागली. स्वीडनमधील हान्स मॅटसन हे चर्चचे वरिष्ठ अधिकारी होते आणि तिसऱ्या पिढीचे सदस्य होते. लोक प्रश्न घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले, उत्तरे शोधता शोधता ते स्वतःच हादरले आणि २०१३ मध्ये त्यांनी हे जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीपासून चर्चने आपल्या अधिकृत संकेतस्थळावर अवघड विषयांवरचे सविस्तर लेख प्रसिद्ध करायला सुरुवात केली. २०१६ मध्ये दुसरे ज्येष्ठ नेते रसेल बॅलर्ड यांनी धर्मशिक्षकांना बजावले की विद्यार्थ्याच्या प्रामाणिक प्रश्नाला ‘काळजी करू नका’ एवढे उत्तर देण्याचे दिवस गेले, हे लेख तुम्हाला तळहातासारखे माहीत असले पाहिजेत. तेव्हा मोकळेपणाने बोलताना आपण काही बंडखोरी करत आहोत, असे तुम्ही मनात आणू नका.

ताईंना काय सांगायचे, याबाबत मी सर्वांत जास्त वेळ बहुविवाहाला देईन, कारण तो विषय एका स्त्रीला थेट भिडतो. चर्चच्या २०१४ च्या लेखानुसार जोसेफ यांच्या पत्नींची संख्या ३० ते ४० च्या दरम्यान असावी, त्यांतील काहींचे आधी इतर पुरुषांशी विवाह झालेले होते, आणि हेलन मार किंबॉल हिचे त्यांच्याशी सीलिंग (मृत्यूनंतरही नाते टिकावे म्हणून केला जाणारा विवाहविधी) झाले तेव्हा तिचा पंधरावा वाढदिवस काही महिन्यांवर होता. ही वाक्ये गुळगुळीत करू नका. ‘तेव्हा तशी पद्धत होती’ असे म्हणून पुढे जाऊ नका, कारण चौदाव्या वर्षी लग्न हे त्या काळच्या अमेरिकेतही सर्रास होत नसे. त्यासोबत पुढचेही सांगा: काही सीलिंग केवळ परलोकासाठी होती असे जाणकार मानतात, जोसेफ यांच्या पहिल्या पत्नी एमा यांना या सर्वाचा अतोनात त्रास झाला, आणि हेलनने मोठी झाल्यावर स्वतःच्या नावाने पुस्तिका लिहून या प्रथेचे समर्थन केले. तिचे समर्थन वाचून माझे मन शांत झाले, असे मी म्हणणार नाही. पण तिच्याविषयी बोलताना तिचे स्वतःचे म्हणणे वगळणे हाही तिच्यावर अन्यायच आहे.

याच ओघात ताई विचारतील की हे सगळे संपले का. १८९० मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी बहुविवाह थांबवण्याचा जाहीरनामा काढला, तरी काही नवे विवाह होतच राहिले, म्हणून १९०४ मध्ये दुसरे निवेदन काढावे लागले. आज बहुविवाह करणाऱ्याला चर्चमधून काढले जाते. परंतु पत्नीच्या निधनानंतर पुनर्विवाह करणाऱ्या पुरुषाचे दुसऱ्या पत्नीशीही मंदिरात सीलिंग होऊ शकते, आणि बहुविवाहाची शिकवण असलेला १३२ वा विभाग ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स’मध्ये आजही छापलेला आहे. तो त्या कधी ना कधी वाचणारच आहेत.

वंशाचा विषय मराठी माणसाला लवकर समजतो, कारण जन्मावरून पात्रता ठरवण्याचा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. एलायजा एबल या कृष्णवर्णीय सदस्याला १८३६ मध्ये याजकपद मिळाले होते, १८५२ मध्ये चर्चचे दुसरे अध्यक्ष ब्रिगम यंग यांनी आफ्रिकी वंशाच्या पुरुषांवरील बंदी जाहीर केली आणि ती उठायला जून १९७८ उजाडले. काळी त्वचा हे शापाचे लक्षण आहे, अशी बंदीच्या समर्थनार्थ दिलेली कारणे चर्चने २०१३ मध्ये स्पष्टपणे नाकारली. ती कारणे आजही एखादा वयस्कर सदस्य वर्गात बोलून दाखवतो, तेव्हा ती ताईंच्या कानावर पहिल्यांदाच पडू नयेत.

‘बुक ऑफ मॉर्मन’ हा आपला धर्मग्रंथ जोसेफ यांनी सुवर्णपत्रांवरून भाषांतरित केला असे आपण मानतो. त्या भाषांतरासाठी वापरलेल्या खड्याचे सांगणे त्या मानाने सोपे आहे. अनेक दशके आपल्या चित्रांत जोसेफ सुवर्णपत्रांवर बोट ठेवून वाचताना दिसत, तर एमा आणि त्या काळचे साक्षीदार डेव्हिड व्हिटमर यांनी सांगितले होते की ते टोपीत खडा ठेवून, त्यात चेहरा झाकून मजकूर सांगत. १९९३ मध्ये चर्चच्या मासिकात व्हिटमर यांचे वर्णन छापूनही आले होते, पण जुन्या अंकातला एक परिच्छेद म्हणजे सांगणे नव्हे. २०१५ मध्ये चर्चने त्या खड्याची छायाचित्रे प्रसिद्ध केली: चॉकलेटी रंगाचा, अंड्याच्या आकाराचा, पट्टे असलेला गुळगुळीत दगड. ते छायाचित्र ताईंना दाखवा. जपमाळ, अंगारा आणि देव्हाऱ्यातील शाळिग्राम पाहत वाढलेल्या माणसाला दगडाचे अप्रूप वाटत नाही, असा माझा अनुभव आहे. जोसेफ यांनी इजिप्तच्या पपायरसवरून भाषांतर केल्याचे सांगितलेले अब्राहामचे पुस्तक, १९६७ मध्ये मिळालेले त्या पपायरसचे तुकडे आणि त्यांवरील मजकूर मृतांच्या विधींचा असल्याचे तज्ज्ञांचे मत, एवढे सांगून लेख हाती द्यावा. युटातील माउंटन मेडोजचे १८५७ चे हत्याकांड, ज्यात मॉर्मन लोकांच्या हातून सुमारे १२० प्रवासी मारले गेले, तेही टाळू नये, पण बाप्तिस्म्याच्या निर्णयाशी त्याचा संबंध कमी आहे.

हे सारे एका बैठकीत ओतू नका. एका भेटीत एक विषय, चर्चचाच लेख सोबत उघडलेला, तुम्ही परिच्छेद मराठीत सांगायचा आणि मग थांबायचे. अठरा-वीस वर्षांच्या मिशनऱ्यांवर हे काम टाकणे योग्य नाही, त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतःच हे नीट वाचलेले नसते. आधी त्यांच्याशी आणि वॉर्डाचे प्रमुख असलेल्या बिशपांशी बोला, म्हणजे ताईंसमोर मतभेद होणार नाहीत. अविवाहित किंवा एकट्या राहणाऱ्या व्यक्तीपेक्षा सासर-माहेर असलेल्या स्त्रीबाबत मी अधिकच घाई करेन, कारण घरात बातमी कळताच कोणीतरी फोनवर शोधणार आणि जेवणाच्या ताटावर हे विषय निघणार. त्या वेळी ‘मला हे माहीत आहे, आणि मला असे वाटते’ असे त्यांना म्हणता आले पाहिजे.

त्यांनी वेळ मागितला तर तारीख पुढे न्यावी लागेल. मिशनरी नाराज होतील, पण त्यांची बदली होत राहते आणि वॉर्डात तुम्हीच राहणार आहात, म्हणून ती विनंती बिशपांकडे तुम्ही स्वतः करा. ताईंनी अखेर नाही म्हटले, तरी त्यांच्याकडचे जाणे-येणे थांबवू नका.