मिसुरीत खारी-सशांसाठी .२२ लिव्हर ॲक्शन रायफल कोणती घ्यावी? आणि ती नंतर गावी आणता येईल का?

भाऊ, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. मूळ गाव चोपडा तालुक्यात, सध्या मिसुरीत एच-वन-बीवर नोकरी, शेजारी शिकारीला चला म्हणतोय, तर पहिली रायफल म्हणून .२२ लिव्हर ॲक्शन (म्हणजे ०.२२ इंची बारीक गोळीची, चापाभोवतीची कडी खाली-वर करून काडतूस भरायची रायफल) कोणती घ्यावी, हा पहिला. पुढेमागे परत आलात की तीच रायफल केळीत घुसणाऱ्या डुकरांसाठी चालेल का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आहे, ते सविस्तर शेवटी सांगतो. मी सेंट लुईसजवळ काही वर्षं काढली, आता शिरपूरला घरी आहे. तिकडे हेन्री कंपनीची रायफल माझी स्वतःची होती, ब्राउनिंग आणि मार्लिन कंपन्यांच्या मित्रांच्या हाताळल्या. त्या जोरावर लिहितो.

रायफलीच्या आधी व्हिसा बघा, कारण हे आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच बंदी आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एकच : कुठल्याही राज्याचा चालू मुदतीतला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. पण एच-वन-बीवर असाल तर परवाना आधी आणि बंदूक नंतर. शेजाऱ्याची रायफल 'जरा हातात घेऊन बघतो' म्हणालात तरी परवाना खिशात हवा. मुदत संपली की सूटही संपली, मग घरातली रायफल गुन्हा ठरते. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरून घेतात, त्यात हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. खोटं लिहिलंत तर नोकरी, व्हिसा, सगळंच जाईल. शंका असेल तर कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाका. मिसुरीत १ जानेवारी १९६७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. तो टाळायच्या भावनेने करू नका, चांगला असतो.

आता रायफल. लिव्हर ॲक्शन निवडलीत हे मला पटलं. सेमी-ऑटोमॅटिक रायफल काडतुसाच्या धक्क्यावर चालते, त्यामुळे हळू गोळीची काडतुसं घातली की अडकते. लिव्हरला तुमचा हात चालवतो. .२२ शॉर्ट, लाँग, लाँग रायफल, तिन्ही प्रकार बहुतेक लिव्हर रायफली निमूट खातात. दस्ता खांद्यावरून न काढता दुसरी गोळी नळीत येते. बोल्टवाली, म्हणजे दांडा हाताने मागेपुढे ओढायची, थोडी जास्त अचूक असते हे खरं, पण खार तीस-चाळीस यार्डांवर असते, तिथे तो फरक कागदावरच राहतो. लिव्हरचा तोटा एकच लक्षात ठेवा : पालथं झोपून नेम धरलात तर लिव्हर खाली उघडायला जागा उरत नाही.

काडतूस .२२ लाँग रायफलच घ्या. १८८७ पासून चालत आलेलं आहे आणि दुनियेत सगळ्यात स्वस्त. ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास निघते. दुकानदार .२२ मॅग्नम किंवा .१७ एचएमआर पुढे करेल. दोन्ही लांब पल्ल्याला उत्तम, पण महाग, आवाज मोठा, आणि खारीचं जे काही खायचं ते उरत नाही. शिवाय मॅग्नमच्या रायफलीत साधं .२२ चालत नाही, त्यामुळे सरावाचा खर्च कायमचा वाढतो. नेम ५० यार्डांवर जुळवा. तिथून १०० यार्डांवर गोळी सहा-सात इंच खाली पडते. तेव्हा साठ-सत्तरच्या पुढे मोह आवरा, नाहीतर जनावर जखमी होऊन झाडीत जाईल.

हेन्री, ब्राउनिंग की मार्लिन? पहिल्या रायफलीसाठी माझं मत साध्या हेन्रीला, म्हणजे एच-००१ ला. वजन अडीच किलोच्या आत, लाँग रायफलची १५ काडतुसं बसतात, लिव्हर लोण्यासारखी चालते आणि किंमत चार-पाचशे डॉलरच्या घरात. त्याच कंपनीची गोल्डन बॉय दुकानात शेजारीच टांगलेली असते, पितळी चकाकीची, अष्टकोनी नळीची, वरातीतल्या घोड्यासारखी सजलेली. बघायला झकास. पण तीन किलोच्या पुढे जाते, आणि दिवसभर ओकच्या जंगलात खांद्यावर वागवायची तुम्हाला आहे.

ब्राउनिंगची बीएल-२२ महाग आहे, पण अंगानं लहान असाल किंवा बायकोही वापरणार असेल तर आधी ती हातात घ्या. तिची लिव्हर फक्त ३३ अंशांत फिरते, बाकीच्यांची बरीच जास्त. चापही लिव्हरबरोबर खाली येतो, त्यामुळे बोट मध्ये चिमटत नाही. जपानमध्ये मिरोकू कंपनी बनवते, काम देखणं असतं. मार्लिन ३९-ए म्हणजे जुन्या लोकांचा जीव की प्राण : २४ इंची नळी, एक स्क्रू सोडला की दोन तुकडे होऊन पिशवीत मावते. मार्लिन २०२० मध्ये रुगरने विकत घेतली. ३९-ए आता मिळते ती बहुतेक जुनीच, आणि तिचे भाव चढलेले असतात. एखाद्या म्हाताऱ्याकडून नीट राखलेली मिळाली तर घ्या. फक्त नळीत उजेड धरून बघा आणि घोडा (मागचा, पिनेवर आपटणारा हातोडा) अर्ध्यावर नीट अडकतो का ते तपासा. विंचेस्टर ९४२२ ची तीच गत, २००५ ला बंद झाली.

यादी वाचून ठरवू नका. दुकानात दस्ता खांद्याला लावा, डोळे मिटा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) मागच्या खाचेत आपोआप दिसली तर ती रायफल तुमची. मान वाकडी करावी लागली तर नाही. दुर्बीण बसवायची असेल तर चार पटीची पुरे. पण ती घोड्याच्या डोक्यावर येते आणि अंगठा पोचत नाही, म्हणून घोड्याला बाजूला लावायचा छोटा स्क्रू मिळतो, तो त्याच वेळी मागून घ्या.

आता हाताळणीचं, कारण लिव्हर रायफलीत लोक इथेच फसतात. काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात बसतात. टोकाची पितळी गुंडी फिरवून आतली नळी वर ओढायची, खाचेतून काडतुसं एकेक सोडायची, मग नळी परत दाबून फिरवायची. हे करताना रायफलीचं तोंड वर असतं आणि तुमचा हात तोंडापाशी असतो, म्हणून लिव्हर उघडी आणि नळी रिकामी असल्याशिवाय हे करायचंच नाही. रिकामी करताना उलट : आतली नळी पूर्ण काढा, काडतुसं तळहातावर ओता, मग लिव्हर तीन-चारदा शेवटपर्यंत चालवा, आणि तरीही करंगळी घालून नळीचं घर तपासा. एखादं काडतूस उचलणाऱ्या पट्टीवर लपून बसतं. लिव्हर अर्धवट चालवली की काडतूस तिरपं अडकतं, म्हणून ती ठसक्यात पूर्ण उघडा आणि पूर्ण मिटा. घोडा चढलेला उतरवायचा असेल तर अंगठा घट्ट, तोंड जमिनीकडे, आणि हातमोजे घालून मुळीच नाही. रिमफायरमध्ये, म्हणजे .२२ सारख्या कडेवर पिन आपटून पेटणाऱ्या काडतुसाच्या रायफलीत, रिकामा चाप उगाच ओढत बसू नका. पिन नळीच्या कडेवर आपटून खड्डा पाडते, मग काडतूस नीट पेटत नाही आणि कवच निघायला त्रास देतं.

आणि खार झाडावर असते. म्हणजे तुम्ही वरच्या दिशेने गोळी झाडणार. काडतुसाच्या डब्यावर गोळी दीड मैल जाते असं छापलेलं असतं, म्हणजे अडीच किलोमीटरच्या जवळपास. खारीमागे जाड खोड किंवा जाड फांदी असेल तरच चाप ओढा. खार मोकळ्या आभाळापुढे बसली असेल तर ती उतरेपर्यंत थांबा. कधीकधी अर्धा तास बसावं लागतं. माझ्यासारख्या घाईच्या माणसाला यातली मजा उशिरा कळली.

सशाचं थोडं वेगळं. मिसुरीत ससा बहुतेक लोक कुत्र्यांनी उठवून शॉटगनने मारतात, पळत्या सशावर .२२ चालवणं धोक्याचं आणि फुकाचं. सकाळी झुडपाच्या कडेला स्थिर बसलेला दिसला तर .२२ ठीक. साफ करताना रबरी हातमोजे घालाच, मांस पूर्ण शिजवा. सशांना ट्युलरेमिया नावाचा जिवाणूंचा आजार होतो, तो माणसाला लागतो, आणि मिसुरी त्या बाबतीत बदनाम आहे. खारीची शिकार ऑक्टोबरच्या आधीच खुली होते, मे अखेरीपासून. ससा १ ऑक्टोबरपासून. हंगाम आणि रोजची मर्यादा त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघूनच निघा.

आता गावाकडचं. भाऊ, ती रायफल तठेच ऱ्हाऊ द्या.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार देशात उरलेलीच नाही. आपल्याकडचा ससा, तितर, लावे, सगळे त्यात येतात. आजोबांच्या काळी सातपुड्याच्या पायथ्याला काय चालायचं ते गप्पांत ठेवा. २०२२ च्या दुरुस्तीने दंड एक लाखापर्यंत नेलाय, तीन वर्षांपर्यंत कैद आहेच, आणि वापरलेलं हत्यार-वाहन सरकारजमा होतं. यावल, अनेरच्या बाजूला तर अभयारण्यंच आहेत, तिथे शिक्षा आणखी कडक.

शस्त्राचा परवाना वेगळी गोष्ट. आपल्या जिल्ह्यात तो जिल्हाधिकारी देतात, आणि इथला परवाना हातात नसताना विमानतळावर रायफल उतरवलीत तर सरळ आर्म्स ॲक्ट. लोक म्हणतात वरणगावच्या सरकारी कारखान्यात काडतुसं बनतात, मिळतील की! तिथे लष्कराची बनतात, तुमच्या .२२ शी त्यांचा संबंध नाही.

आणि समजा सगळे कागद जमले तरी .२२ ने डुक्कर मरत नाही. जाड कातडं, खांद्यावरची चरबी, ऐंशी-नव्वद किलोचं अंग. छोटी गोळी आत रुतून बसते, डुक्कर केळीच्या बागेत शिरतं, आणि पहाटे पाणी द्यायला जाणाऱ्या सालदारावर चालून येतं. पिकाचा उपद्रव फार असेल तर वनविभागाच्या लेखी परवानगीची वाट आहे, तिच्या अटी असतात आणि काम त्या अटींतच होतं. त्याआधी वडिलांना सांगा : नुकसान झालं की लगेच वनरक्षकाला कळवायचं, तलाठी-कृषी सहायकांसोबत पंचनामा करून घ्यायचा, मोडलेल्या केळीच्या खांबांचे (बुंध्यांचे) फोटो ठेवायचे आणि भरपाईचा अर्ज वेळेत टाकायचा. बांधावर सौर झटका मशीन बसवा, तारा जमिनीपासून वीतभर उंचीपासून सुरू करा, कारण डुक्कर खालून घुसतं. मोटारीच्या लाइनवरून थेट करंट सोडणारे अजूनही आहेत. त्यात माणसं मेलीत, तो प्रकार चुकूनही नको.

तुम्ही परत येणार ठरलं की रायफल तिथल्याच परवानाधारक दुकानदाराला विका आणि पावती घ्या. हेन्रीला गिऱ्हाईक मिळतं, चांगली राखली असेल तर फार तोटा होत नाही.