खिडकीतला कप

«आम्ही नऊ जणी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आळीपाळीने एकमेकींच्या घरी जमतो आणि वाचलेल्या पुस्तकावर बोलतो. मागच्या वेळी माझ्या घरी अमेरिकेतल्या वर्णद्वेषावरचे एक आत्मकथन चर्चेला होते. गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईला त्याच घरात वेगळ्या ताटलीत जेवावे लागे, हे वाचताना सगळ्यांचे डोळे भरून आले. तेव्हा आमच्यातल्या एक शिक्षिका मैत्रीण शांतपणे म्हणाल्या, ‘एवढ्या लांब कशाला जायचं? याच घराच्या मागच्या खिडकीत एक कप पालथा ठेवलाय, तो कुणाचा?’ तो आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा. सासूबाईंच्या काळापासूनची ती पद्धत आहे. त्यावर कुणीतरी म्हणाले, ‘अहो, शाहू महाराजांच्या कोल्हापुरात आता कुठं राहिलंय असलं?’ मैत्रीण उठून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून बाहेर पडल्या. मी एक अक्षर बोलले नाही. आता बाकीच्या म्हणतात, यापुढे हलकीफुलकी पुस्तके घेऊ. मी माफी मागावी का? आणि अमेरिकेतला वर्णद्वेष व आपल्याकडची जात एकच कशी मानायची?»
— एक वाचक, राजारामपुरी

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याच्या आडोशाला बाकीचे प्रश्न दडून राहण्याची भीती वाटते. वर्णद्वेष आणि जात एकच नाहीत. रंग समोरून दिसतो, जात आडनाव आणि गाव विचारून काढली जाते. जात म्हणजे वंश, हे मत तर बाबासाहेबांनी स्वतःच खोडून काढले होते. तरीही १९४६ साली ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या आणि आपल्याकडच्या अस्पृश्यांच्या स्थितीत मोठे साम्य असल्याचे नमूद केले होते. त्याच्याही कितीतरी आधी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला होता. म्हणजे तुमच्या मैत्रिणीने त्या दुपारी जो धागा जोडला, तो महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वीच जोडला गेलेला आहे. त्यांनी चर्चा भरकटवली नाही. पुस्तकातले पान त्यांनी तुमच्या खिडकीपर्यंत आणून पोहोचवले.

शाहू महाराजांचे नाव घेऊन तुमच्या मैत्रिणीला गप्प केले गेले, हे मला फार लागले. दरबारच्या नोकरीत असताना सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून गंगाराम कांबळे यांना मारहाण झाली होती. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, कांबळे यांना याच शहरात चहाचे हॉटेल काढायला मदत केली, आणि स्वतः तिथला चहा पिऊन बरोबरच्या मंडळींनाही तो प्यायला लावला. ही हकीकत कोल्हापुरात जयंतीच्या भाषणांतून आपण ऐकत आलो आहोत. माझ्या माहेरीही ती अभिमानाने सांगितली जाई, आणि त्याच घरात मागच्या दारी येणाऱ्या बाईच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई. लहानपणी मीही ते ओतले आहे. त्या बाईंचे हात मला आजही आठवतात, कारण पाणी सांडू नये म्हणून त्या बोटे घट्ट आवळून धरत.

म्हणून आधी कप. तो आजच खिडकीतून काढा आणि त्यासाठी सासूबाईंची परवानगी मागत बसू नका. मात्र त्यांना चार माणसांत खाली पाहायला लावू नका. त्यांना एवढेच सांगा, की इथून पुढे घरात सगळ्यांचे कप एकाच मांडणीत राहतील आणि एकत्रच धुतले जातील. त्या नाराज होतील, कदाचित दोन दिवस चहा घेणार नाहीत. तेवढे सोसावे लागेल. मावशींना चहा आपल्यासारख्याच कपात द्या, पण हौसेने त्यांचा हात धरून सोफ्यावर बसवू नका. इतक्या वर्षांच्या वागणुकीनंतर एकाएकी दाखवलेल्या आपुलकीचाही माणसाला जाच होतो. कुठे बसायचे ते त्यांना ठरवू द्या, आणि ‘आजवर वेगळा कप ठेवला, ते चुकलं’ हे वाक्य एकदा त्यांच्याशी स्पष्ट बोला. माफीवर पहिला हक्क त्यांचा आहे. तुमच्या पत्रात मैत्रिणीच्या दुखावण्याबद्दल पुष्कळ आहे, मावशींना काय वाटत असेल याबद्दल एकही ओळ नाही.

मग मैत्रिणीकडे जा. फोनवर संदेश पाठवून हे काम उरकू नका, आणि ग्रुपमध्ये सर्वांदेखत तर मुळीच नाही. जाताना सासूबाईंचे वय, जुनी पद्धत, तुमच्या मनात तसे काही नव्हते, ही सगळी स्पष्टीकरणे घरी ठेवून जा. ‘कप माझ्या घरात होता, तुम्ही बोललात तेव्हा मी गप्प बसले, दोन्ही माझ्या चुका आहेत’ एवढे पुरेसे आहे. ‘परत या’ असा आग्रह धरू नका, कारण मंडळ पूर्ववत करून देण्याची जबाबदारी त्यांची नाही. आणि ‘आम्हाला समजावून सांगा’ हेही म्हणू नका. वर्गात दिवसभर शिकवून आलेल्या बाईने सुट्टीच्या दुपारी पुन्हा आपल्याच अपमानाचा धडा का घ्यावा? त्या काही बोलल्या तर ऐका. दाराशीच थांबवले तर तेवढे बोलून परत या.

हलक्याफुलक्या पुस्तकांच्या सूचनेला मात्र मी ठाम नकार देईन. १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंना अटक झाली, तेव्हा बसवर बहिष्कार घालण्याची हजारो पत्रके एका रात्रीत काढली ती तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका मंडळाने. पुढचे ३८१ दिवस ज्यांनी बसमध्ये पाऊल ठेवले नाही, त्यांत गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक-धुणे करणाऱ्या बायका मोठ्या संख्येने होत्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये आपल्याकडे अस्पृश्यता पाळणे गुन्हा ठरवणारा कायदा लागू झाला होता. बायकांनी जमून कशावर बोलायचे, याची मर्यादा त्या मंडळाने घालून घेतली असती तर ती पत्रके निघालीच नसती. आणि रोजच्या बोलण्यातही आपण पुष्कळ काही दडवत असतो. स्थळांचा विषय निघाला की ‘मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ हे तुमच्याही बैठकीत कुणी म्हणाले असेलच. त्या ‘पण’वर एक अख्खी दुपार बोलता येईल.

उरलेल्या सात जणींना तुमच्या गप्प राहण्याचा आधार वाटतो आहे, तो काढून घ्या. पुढची बैठक पुन्हा आपल्याच घरी ठेवा. सुरुवातीलाच सांगा, की कप काढला आहे, तो ठेवला होता ही चूक होती, आणि त्या दिवशी यजमान म्हणून मी बोलायला हवे होते. कुणी विषय बदलू लागले तर बदलू देऊ नका. बैठकीची तारीख मैत्रिणीला कळवा, यायलाच हवे असे न म्हणता. त्या आल्या किंवा नाही आल्या, तरी तेच पुस्तक, ज्या पानावर त्या दिवशी चर्चा थांबली, तिथून उघडा.