करवतकाठ न्गातूवर उतरेल, पण आधी आत्याला विचारा

प्रश्न : माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. आजोबा विणकर, टसरची करवतकाठी लुगडी विणायचे. नवरा पॅसिफिक महासागरातल्या टोंगा देशाचा, तिथल्या वावाउ बेटांवरच्या घराण्यातला. आम्ही ऑकलंडला राहतो. पुढच्या वर्षी लेकीला एकविसावं वर्ष लागेल. तिच्यासाठी दोन्ही घरांची खूण असलेलं न्गातू, म्हणजे झाडाच्या सालीचं रंगवलेलं कापड, करायचं आहे. इंटरनेटवरच्या काही पॉलिनेशियन नक्षी काढून ठेवल्या आहेत. त्यांत मोर, नथ आणि कोयरी बसवावी का?

उत्तर : त्या नक्षी बाजूला ठेवा. ‘पॉलिनेशियन’ म्हटलं की तिथे सामोआचं सियापो, हवाईचं कापा, मार्केसास बेटांवरचं गोंदण असं सगळं एकाच टोपलीत येतं. तुमच्या लेकीचं घराणं त्यात सापडायचं नाही. त्यासाठी नणंदेकडे जा. टोंगात भावापेक्षा बहिणीचा मान मोठा, आणि मुलांना तर बापाची बहीण, मेहेकितांगा, सगळ्यांच्या वर. घरातल्या मोठ्या प्रसंगी मानाची जागा तिची, उत्तमातलं न्गातूही तिचं. आपल्याकडे बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा असतो. तिथे आत्याचा मान जन्मभर चालतो. तिला न विचारता आखलेली नक्षी कितीही देखणी झाली तरी मला ती पटणार नाही.

तिला विचारा, सासरच्या बायका कोणत्या नक्षी वापरत आल्या? कोणती आपण वापरायची नाही? मानुलुआ नावाची एक नक्षी आहे, मध्यबिंदूशी टोकं जुळलेल्या त्रिकोणांची. दोन पक्षी एकत्र उडताहेत असं तिच्यात पाहतात. दोन घरं जोडायला ती तुम्हाला हमखास आवडेल, पण सरदार घराण्यांशी तिचा जुना संबंध आहे, म्हणून आधी परवानगी.

आता आखणीकडे. न्गातूची नक्षी कुपेसीवरून उठते. जुन्या पद्धतीत पानांच्या किंवा नारळाच्या जाळीच्या पाटीवर झावळीचे हीर धाग्यानं टाचून कुपेसी करतात. ही पाटी लांब, बाकदार फळीवर बांधायची, तिच्यावर कापड पसरायचं आणि कोका झाडाच्या सालीच्या तपकिरी रंगात बुडवलेल्या बोळ्यानं घासायचं. जिथे हीर उंच, तिथे रेघ गडद उठते. मग कापड वाळवून हव्या त्या रेघा काळपट रंगानं हातानं गिरवतात. त्यासाठी केवड्याच्या जातीतल्या झाडाचं सुकलेलं फळ फोडून त्याचा तंतू सुटलेला तुकडा कुंचला म्हणून घेतात. माझा या कामावर फार जीव आहे, कारण ते एकटीनं होत नाही. फळीच्या दोन्ही बाजूंना बायका बसतात, त्याला कोकाआंगा म्हणतात.

हीर सरळ असतो, त्यामुळे मोराची मान आणि कोयरीचा बाक त्याच्यावर लादू नका. नथही सोडा, ती कुठल्याही मराठी घराची असू शकते. तुमच्या आजोबांचा काठ मात्र तुमचाच आहे. करवतीचे दाते म्हणजे ओळीनं उभे त्रिकोण, हिरांनी सहज टाचले जातील असे! दात्यांची उंची-रुंदी आजोबांच्या एखाद्या जुन्या लुगड्यावरून मोजून घ्या, मनानं काढू नका. जाड पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून आधी कच्ची पाटी करा, वर कागद ठेवून मेणाच्या खडूनं घासून बघा. दाते एकमेकांत मिसळले तर अंतर वाढवा.

परकी खूण चालेल का, ही शंका नको. राजचिन्ह, मुकुट, राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची पाइनची झाडं हे सगळं न्गातूवर आलं. दुसऱ्या महायुद्धात टोंगानं ब्रिटनला स्पिटफायर विमानांसाठी पैसे दिले, तर न्गातूवर विमानंही आली. फक्त मुख्य नक्षी टोंगाची ठेवा आणि करवत दोन पट्ट्यांच्या सीमेवर चालवा.

कापडासाठी कागदी तुतीची साल कुटून केलेलं कोरं फेताआकी टोंगाहून मागवावं लागेल. ते न मिळाल्यास तुमच्याकडच्या टोंगी बायका व्हायलीन, म्हणजे शिवणकामात आतून लावायचं न विणलेलं कापड, वापरतात, त्यात कमीपणा काही नाही. शक्य असेल तर वरचा थर तरी सालीचा घ्या. कोकाचा रंग त्याच्यात जसा मुरतो तसा व्हायलीनवर मुरत नाही. हे मागवणं, जमवणं नणंदेच्या ओळखीनंच सोपं होईल, म्हणून तिच्याकडे याच महिन्यात जा, आणि जाताना आजोबांचं लुगडं बरोबर घ्या.