मुंबईत जिओकॅशिंग सुरू करायचंय, हातात धरायचं कोणतं जीपीएस घेऊ?

गार्मिनचं ईट्रेक्स एसई घ्या, पण आधी फोनवरच्या जिओकॅशिंग ॲपने दोन-चार कॅश (म्हणजे या खेळात इतरांनी लपवून ठेवलेले डबे) शोधा आणि गोडी लागली तरच पैसे घाला. मी पावसाळ्यातही फिरतो म्हणून सांगतो: ओल्या बोटांपुढे फोनची टचस्क्रीन हात टेकते, एसईला बटणं आहेत. पाण्याचं संरक्षण आयपीएक्स७, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. दोन साधे एए सेल लागतात, कुठल्याही किराणा दुकानात मिळणारे, आणि कंपनीच्या आकड्यानुसार ते १६८ तासांपर्यंत पुरतात. स्क्रीन काळी-पांढरी, पण भर उन्हात स्वच्छ दिसते. रस्त्यांचा नकाशा मात्र नाही, दिशा आणि अंतर एवढंच. कॅशला तेवढं बास.

फक्त फोर्टच्या गल्ल्यांत कुठल्याच यंत्रावर डोळे झाकून विसंबू नका. तिथे सिग्नल भिंतींवर आपटून येतो, बाण भलतीकडे वळतो. शेवटची पावलं नजरेनेच शोधायची. (बोरिवलीच्या नॅशनल पार्कात मोकळं आकाश मिळालं की फरक कळेल.) आणि हो, इनरीच असलेलं मॉडेल नको: उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाही.