इंग्रजीतल्या ‘लाय’ आणि ‘ले’ या क्रियापदांत फरक काय? ‘द बुक इज लेइंग ऑन द टेबल’ चूक का?

चूकच आहे, ‘लाइंग’ हवं. मराठी माणसाला हे अवघड जायचं खरं तर कारण नाही. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, सुटणे-सोडणे या जोड्या आपण रोज वापरतो. लाय म्हणजे आपणहून आडवं होणं, पडून असणं. ले म्हणजे दुसरं काही आडवं करणं, मांडणं, अंथरणं. ‘काय?’ विचारून उत्तर मिळालं तर ले: विटा रचतात, फरशी बसवतात, कोंबडी अंडी घालते.

खरा घोळ भूतकाळात आहे. लाय-ले-लेन आणि ले-लेड-लेड. एकाचा भूतकाळ म्हणजे दुसऱ्याचं मूळ रूप! ‘काल दिवसभर अंथरुणात पडून होतो’ याला ‘आय ले इन बेड ऑल डे यस्टरडे’ हेच बरोबर, पण तपासणारे नेमकं तेच खोडून ‘लेड’ करतात. ‘लेड’चं स्पेलिंग ‘पेड’सारखं, वायपुढे ईडी लावायचं नाही. खोटं बोलण्याचं लाय निराळं, ते सरळ लाय-लाइड-लाइड.

मराठी दोन ठिकाणी मात्र दगा देते. पहिलं ‘झोपणे’. सोफ्यावर पडून मोबाइल बघणाऱ्यालाही आपण ‘झोपलाय’ म्हणतो, मग इंग्रजीत ‘स्लीपिंग’ येतं. डोळे उघडे असतील तर ‘लाइंग डाउन’. दुसरं ‘ठेवलंय’. त्याचं ‘इज केप्ट ऑन द टेबल’ होतं. कुणी ठेवलं हा मुद्दाच नसेल, तर नुसतं ‘इज ऑन द टेबल’ पुरे. ‘इज लाइंग’ म्हणजे सहज पडलेलं.

म्हणून ‘मराठी डोक्यातून काढून टाका, मगच इंग्रजी येईल’ हा स्पोकन इंग्लिशवाल्यांचा मंत्र मला अजिबात पटत नाही. इथे मराठीच कामाला येते. जुन्या इंग्रजीत लिज्जन आणि लेज्जन ही अशीच जोडी होती, स्वर बदलून ‘करवणे’ दाखवणारी. फॉल म्हणजे पडणे, तर झाड पाडणे म्हणजे फेल (fell, नापासवालं fail नव्हे). ड्रिंक म्हणजे पिणे, आणि ड्रेंचचा मूळ अर्थ पाजणे; गुरांना औषध पाजण्याला इंग्रजीत आजही ड्रेंच म्हणतात. राइज-रेझही याच घरातले. ‘कर्म विचारा’ हा नियम पाठ करून घेणाऱ्यांनी एकदा पडणे-पाडणे फळ्यावर लिहून बघावं.

हां, कर्माच्या कसोटीला अपवाद आहेत. ‘द हेन्स आर नॉट लेइंग’ हे शुद्ध इंग्रजी आहे, अंडी गृहीत धरलेली असतात. आणि बोलताना इंग्रज-अमेरिकनही सर्रास ‘ले डाउन’ म्हणतात, त्यामुळे सिनेमात ऐकलंत तर गोंधळू नका. परीक्षेत आणि अर्जात मात्र ‘लाय डाउन’च लिहा.